मक्सी रोडवरची पन्हळ

१८ ऑक्टोबर १९९४

मशीन आलं. बडोद्याहून निघालेला ट्रेलर आज सकाळी मक्सी रोडच्या आपल्या आवारात शिरला, आणि शिरताना फाटकाचा एक खांब घेऊन गेला. ड्रायव्हर म्हणाला, शगुन समझो. मी म्हटलं, भिया, शगुन झाला, पण खांब काय समजायचा?

लांबच लांब लोखंड. मधोमध एक पन्हळ, छपराच्या कडेला असते तशीच, फक्त हिच्यात माणूस पाय पसरून झोपेल. दोन्ही बाजूंना पाइप ठेवायच्या घोड्या. तेलाच्या विहिरीवर रिगचा, म्हणजे विहीर खणायच्या मनोऱ्याचा, माचा जमिनीपासून बराच उंच असतो आणि लोखंडी पाइप एकेक करून तिथे पोचवायचे असतात. घोडीवरून पाइप घरंगळत पन्हळीत येतो, खालचे दोन जॅक तेलाच्या दाबाने पन्हळ उचलतात, आणि पाइप तिरका होत माच्याला जाऊन टेकतो. उतरताना त्याच वाटेने उतरतो. पूर्वी हेच काम दोरखंडांनी आणि माणसांच्या खांद्यांनी होत असे.

सुलभा बघायला आली होती. विचारलं, उज्जैनला तेल सापडलं का? म्हटलं नाही, तेल गुजरातेत. आता सरकारने दारं उघडलीत, मेहसाण्याकडे खाजगी कंपन्या विहिरी खणतायत. मशीन इथे दुरुस्त करायचं, तिकडे भाड्याने लावायचं, चालवणारी माणसंही आपलीच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, घरातलं फोडणीचं तेल संपलंय, येताना तेवढं आणा.

देवास गेटला गोणपाट पसरून नट-बोल्ट विकायला बसलो तेव्हाही लोक असेच हसले होते. तेव्हा माझ्याजवळ फक्त कान होते. नट फरशीवर पडला की आवाजावरून सांगायचो, कच्चा की पक्का. गिरण्यांना सामान पुरवत पुरवत गोणपाटाचं दुकान झालं. आता गिरण्या बंद. ज्या भोंग्यावर अख्खं शहर चहाचं आधण ठेवायचं तो भोंगाही मुका झाला. तेव्हापासून उज्जैनची सकाळ उगवते खरी, पण कुणी उठवल्यासारखी नाही. आपलीआपणच, अर्धवट झोपेत.

२३ ऑक्टोबर

माणसं मिळाली. चौघंही बंद पडलेल्या गिरणीतल्या लूम खात्यातले. माणिक त्यांच्यात थोरला. आजोबा खानदेशातून गिरणीतच आले होते, आता भैरवगढकडे राहतो. दुसरा अनिल, हसरा, अंगाने काटक. बाकी दोघे सख्खे भाऊ, वयाने सगळ्यांत लहान, त्यांना सगळे नुसतं जोडी म्हणतात.

लोक म्हणाले, विणकर काय लोखंड उचलणार? पण मी हिशेबी माणूस आहे. शेकडो धाग्यांतला तुटलेला एक धागा ज्याला दिसतो, त्याला जॅकच्या तेलाच्या नळीवरची चीर दिसणार नाही?

आणि काय शांत माणसं. काम करताना एक शब्द नाही. लांबून एकमेकांकडे बघतात, ओठ थोडे हलतात, मान डुलते, काम होतं. माझ्याशी बोलताना माणिक मात्र खणखणीत बोलतो, नदीपलीकडच्याला सांगावं तसा. खडखडाटात जन्म गेला, सवय जाणार कशी. मी बोलतो तेव्हा बरोबर समोर येऊन उभा राहतो आणि माझ्या तोंडाकडे असं टक लावून बघतो, जणू त्यातून साखर सांडणार आहे. एवढं लक्ष देऊन माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही. घरी तर नाहीच.

९ नोव्हेंबर

मशीन भाड्याने घेणाऱ्या कंपनीचे ठाकोरभाई मेहसाण्याहून आले. भाऊबीज झाली होती, सुलभाने फराळ पुढे केला. चिवडा खात खात त्यांनी एक गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी असंच एक मशीन, दुसऱ्याच कुठल्या ठेकेदाराचं. पन्हळ वर होती, एक फिटर खाली ग्रीस भरत होता, लिव्हरवरच्याला ठाऊक नव्हतं. पन्हळ खाली आली. एवढं सांगून ते चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत बसले.

मग म्हणाले, "माधवभाई, मशीन किसी को नहीं मारती. आदमी भूल जाता है कि उसके ऊपर क्या है."

अट साफ. जानेवारीत येतील, दिवसभर मशीन चालवून बघतील. कुणाला ओरखडाही उठला तर मशीन इथेच गंजेल. आणि तिकडे कुणाचं तसं झालं तर, त्यांच्या शब्दांत, ते स्वतः येऊन त्याच्या बायकोला सांगणार नाहीत, मला जावं लागेल.

चौघांना समोर बसवून सगळं शिकवलं. सकाळी मशीनभोवती आधी चक्कर मारायची: तेलाची पातळी, ग्रीस, नळ्या, दोर. नळी गळते वाटलं तर हात लावायचा नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं दाबाचं तेल कातडी फोडून आत शिरतं, पुठ्ठा धरून बघायचं. घोडीवरच्या पाइपांना लाकडी गुटका लावल्याशिवाय पाठ फिरवायची नाही. दुरुस्तीआधी पन्हळ खाली, इंजिन बंद, लिव्हर मागेपुढे करून उरलेला दाब सोडायचा. आणि पन्हळ वर असताना खाली जायचंच झालं तर आधी लोखंडी टेकू. माणिक प्रत्येक वाक्याला हो म्हणाला. सगळ्यात मोठ्याने.

२० नोव्हेंबर

आज दुपारी आवारातल्या निंबाखाली डोळा लागला. स्वप्नात आपली काळी माती काचेसारखी झाली होती आणि खाली खोल एक समुद्र. मी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे तो क्षिप्रेसारखाच दिसत होता, रामघाटाच्या पायऱ्यांसकट. पन्हळीतून पाइप उठत होते आणि एकेक करून त्या पाण्यात उतरत होते, बिलकुल आवाज न करता. जागा झालो तर खरंच पन्हळ वर चालली होती. इंजिन दूर ठेवलं आहे, त्याची नुसती गुणगुण. हिवाळ्याच्या पिवळ्या उन्हात तो पाइप असा उठत होता, जसा झोपलेला माणूस कुणी हाक न मारता उठून बसावा.

कितीतरी वेळ तसाच पडून राहिलो. माणिक लिव्हरवर होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, देवळातल्यासारखं.

२ डिसेंबर

हॉर्न बसवला. नियम असा केला की पन्हळ हलवण्याआधी दोनदा हॉर्न, मग श्वासभर थांबायचं, मग लिव्हर. हॉर्न ऐकला की खालच्याने बाहेर यायचं. ठाकोरभाईंच्या गोष्टीतल्या त्या फिटरसाठी असा हॉर्न असता तर तो आज घरी असता.

हॉर्न निवडायला देवास गेटला गेलो तर दुकानदाराने ट्रकचे भसाडे भोंगे पुढे ठेवले. माझे कान ते सोसत नाहीत. सगळं दुकान उलटंपालटं करून एक सापडला, बारीक, उंच, कोकिळेसारखा. इंजिनाच्या घरघरीवरून असा तरंगत जातो की तिकडे सडकेवरची गाय मान वर करते. दुकानदार म्हणाला, भाऊ, हा तर लग्नाच्या गाडीला शोभेल. म्हटलं, माणसाचा जीव वाचवायचा तर सुरात का वाचवू नये?

संध्याकाळी चौघांना समोर उभं करून वाजवून दाखवला. बटण दाबलं, चौघांनी माना डोलावल्या. पसंत पडला.

११ डिसेंबर

सुलभा हल्ली भैरवगढला जाते. माणिकची बायको दुर्गा तिथे कापडावर ठसे मारते, तिच्याकडून चादरी आणते. आज आल्यावर बराच वेळ काही सांगत होती. मी ऐकत होतो, पण त्याच वेळी मालगाडी पुलावरून चालली होती आणि तिच्या एका चाकाचा आवाज बाकीच्यांत बसत नव्हता, माझं ध्यान तिकडे. एवढं कळलं की दुर्गा नवऱ्याला हाक मारत नाही, अंगणातून त्याच्या पाठीवर छोटासा खडा मारते. मग तो वळतो.

म्हटलं, वा. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि अजून खडे मारतायत. आपल्याकडे तर लाटणं दाखवतात.

सुलभा माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तुम्हाला मी काय सांगतेय आणि तुम्ही काय ऐकताय. आणि चादर घडी करत आत गेली.

२७ डिसेंबर

आज वाईट वाटलं. घोडीवरचा गुटका निसटला, पाइप घरंगळायला लागला, अनिल पाठमोरा. मी कोठीच्या दारातून ओरडलो. मी ओरडलो तर फ्रीगंजपर्यंत जातं. अनिल हलला नाही. धाकट्या जोडीने धावत जाऊन दंडाला धरून ओढलं. पाइप त्याच्या टाचेमागून गेला.

मी अनिलला खूप बोललो. मालकाची हाक न ऐकल्यासारखं करतोस, ही कुठली अकड. तो नुसता हसत राहिला, त्याने आणखी भडका उडाला. माणिक मध्ये आला आणि म्हणाला, चुकलं भाऊ, पुन्हा नाही होणार. का झालं ते कुणीच सांगेना.

मनात शंका येतात. ही माणसं मला मानत नाहीत की काय? की देवासच्या कारखान्यातून कुणी फूस लावतंय? काल पानाच्या टपरीवर ऐकलंही, माणिक कुणालातरी लपून भेटतो, कुठल्या तरी डॉक्टरकडे जातो. तब्येत तर घोड्यासारखी आहे. नक्कीच डॉक्टर हे निमित्त.

संध्याकाळी परीक्षा घेतली. माणिक नळीला पुठ्ठा धरून बघत होता. मी मागे जाऊन हळूच म्हणालो, माणिक, तुझा पगार वाढवायचा विचार आहे. वळलासुद्धा नाही. काम करत राहिला.

किती निर्लोभी माणूस. मला माझ्या शंकेची लाज वाटली.

१४ जानेवारी १९९५

संक्रांत. आवार बंद. गच्चीवर बसून पतंग पाहिले. कान मिटून घेतले तर पतंगांना आवाज नसतो, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. एवढी मारामारी वर चाललेली आणि सगळी गुपचूप.

१९ जानेवारी

आजचं क्रमाने लिहितो, एकही गोष्ट गाळायची नाही.

ठाकोरभाई सकाळीच आले. धुकं एवढं की पन्हळीचं वरचं टोक दिसत नव्हतं. पाइप चढत जायचा आणि धुक्यात नाहीसा व्हायचा, जणू वर कुणीतरी घेऊन ठेवतंय. इंजिन आज जवळ आणलं होतं, रिगवर असतं तसं. सगळं सुरेख चाललं होतं. ठाकोरभाई पोह्यांची बशी घेऊन कोठीकडे गेले तेव्हा मला हौस आली. म्हटलं एक फेरी मीच करतो. माणिकला म्हटलं, तू चहा घे. अनिल आणि जोडी घोड्यांच्या पलीकडे पाइप लावत होते. पन्हळ वर होती. दोनदा हॉर्न दिला. श्वासभर थांबलो. लिव्हर ओढला.

पन्हळ खाली यायला लागली. तेव्हा मला गुणगुण ऐकू आली.

कुणीतरी गात होतं. गाणं नाही म्हणता येणार, एकच सूर, बेसूर, माणूस एकटा असताना आणि आपण गातोय हे त्याला ठाऊक नसताना येतो तसा. इंजिनाच्या घरघरीत दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. आवाज माणिकचा होता, आणि येत होता पन्हळीच्या खालून.

पहिला विचार आला तो हाच की हॉर्न ऐकल्यावर कुणी गात बसत नाही. मग दुसरा विचार आलाच नाही. लिव्हर सोडला. पन्हळ थांबली. वाकून पाहिलं तर माणिक चहाला गेलाच नव्हता. जॅकजवळची नळी त्याला ओलसर दिसली होती, आणि एक नजर टाकायची म्हणून टेकू न लावताच आत शिरला होता. हातात पुठ्ठा. पन्हळ त्याच्या डोक्यापासून वीतभर वर. त्याला काही माहीत नव्हतं. मी वाकल्याने उजेड अडला तेव्हा त्याने वर पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पन्हळीकडे. आणि त्याचं गाणं थांबलं.

ठाकोरभाई बाहेर आले, विचारलं, क्यों रोकी? मी म्हटलं, लिव्हर जरा जड वाटला. बाकी दिवस मशीन चांगलं चाललं. ते खूश होऊन गेले. जाताना म्हणाले, महिनाअखेर पुन्हा येतो, पक्कं करू.

२० जानेवारी

माणिकला निंबाखाली समोर बसवलं. आता मीच सावकाश बोलत होतो, त्याने ते ओळखलं आणि मान खाली घातली. मान खाली घातली की त्याच्यापर्यंत माझं काही पोचत नाही, हे आज कळलं. हनुवटी धरून वर केली.

बाकीचं त्याने सांगितलं. लूम खात्यात शेकडो माग एकदम चालतात. काही वर्षांत कान जातात. बारीक आवाज आधी जातात, बायकामुलांचे, पाखरांचे. मग सगळेच. गिरणीत कुणी ते मोजत नाही, कारण तिथे सगळेच तसे. ओठांवर काम चालतं. बाहेर आल्यावर कळतं. चौघंही तसेच, धाकटी जोडी जरा बरी. माणिक इंदूरच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरांनी लिहून दिलं, बरं होणार नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं का, भाऊ?"

तो माझ्या ओठांकडे बघत होता आणि ते हलत नव्हते. त्याचा त्याने जो अर्थ घ्यायचा तो घेतला असेल.

अठरा वेळा सांगत फिरतो की माझे कान तीक्ष्ण. आणि बहिऱ्या माणसांसाठी कोकिळेचा हॉर्न शोधून आणला.

२२ जानेवारी

नीट झोप नाही. सांगितलं तर ठाकोरभाई चौघांना नाही म्हणतील, आणि गिरणी बंद झालेल्या शहरात बहिऱ्या विणकराला दुसरं काम देणार कोण? न सांगितलं तर कधीतरी मेहसाण्याच्या माळावर एका सकाळी कुणीतरी गुणगुणत असेल आणि लिव्हरवर मी नसेन.

सुलभाला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, दुर्गाने मला केव्हाच सांगितलंय. म्हटलं, मग मला का नाही बोललीस? ती म्हणाली, बोलले होते. डिसेंबरात. मालगाडी चालली होती.

मला आठवत नाही.

२४ जानेवारी

हॉर्न काढून टाकला. दिवे लावावेत म्हटलं तर माणिकने मान हलवली. पन्हळीखालचा माणूस नळीकडे बघेल की दिव्याकडे? दोरी बांधावी तर पाइपात अडकेल. दुपारभर भांडलो. अनिल म्हणाला, भाऊ, तुम्ही आतल्याला सांगायच्या मागे लागलात. आतल्याला कशाला सांगायचं, बाहेरच्याला हलवताच येऊ नये.

मग चौघांचे ओठ सुरू झाले. मला काही कळेना. शेवटी माणिक म्हणाला, गिरणीत मागात हात घालायचा तर आम्ही आडवा धागा नेणारा धोटा काढून कमरेला खोचायचो. धोट्याशिवाय माग चालवून करणार काय? तुम्हीही आम्हाला धोटा द्या.

देवास गेटहून चार पितळी कुलुपं आणली. लिव्हरच्या खाचेवर भोकं पाडलेली एक पट्टी. जो पन्हळीजवळ जाईल त्याने आपलं कुलूप पट्टीला लावायचं, किल्ली कमरेला. एकही कुलूप असेपर्यंत लिव्हर हलत नाही. चौघं आत असतील तर चार. नळी फुटली तर म्हणून टेकू आहेच, तो आता कुलुपाआधी. आणि दुसऱ्या किल्ल्या ठेवायच्याच नाहीत, नाहीतर एखाद्या घाईच्या दिवशी माझ्यासारखाच कुणीतरी हौशी मालक उघडेल. भट्टीत टाकल्या. सुलभाने विचारलं, त्यात माझ्या कपाटाची नव्हती ना?

३० जानेवारी

सांगितलं. ठाकोरभाई चहा पीत होते. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, १९ तारखेला लिव्हर जड नव्हता तेही. त्यांनी कप खाली ठेवला तो आवाज न करता.

मग म्हणाले की माझ्याशी खोटं बोललात ते मी विसरणार नाही, पण खरं सांगायला कुणी सांगितलं नव्हतं तेही विसरणार नाही. माणसं नेणार की नाही ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, अगली बार आऊँगा तब आप खड़े रहना. पन्हळीखाली. कानात कापूस घालून.

माणिकला सांगितलं तर म्हणाला, नाही भाऊ, तुम्ही नाही. मी त्याला हसून म्हटलं, का रे, ही जागा काय तुमच्याच खात्याची आहे?

८ फेब्रुवारी

सकाळी निघताना सुलभाने देवापुढचा अंगारा लावला. मागोमाग आवाराच्या फाटकापर्यंत आली.

ठाकोरभाईंनी स्वतःच्या हाताने कापूस कोंबला, मेण लावून. जग बंद झालं. असं काही असेल असं वाटलं नव्हतं. अंधार नाही, रिकामंही नाही, पाण्याखाली गेल्यासारखं. इंजिन चालू होतं, ते पायाच्या तळव्यांतून कळत होतं. टेकू लावला. कुलूप लावलं, खटका ऐकू आला नाही, बोटांना कळला. किल्ली खिशात घालून पन्हळीखाली गेलो.

वर लोखंड, पाइपासकट. त्याच्या दोन्ही कडांनी आकाशाच्या दोन पट्ट्या. एक घार फिरत होती. मला वाटलं, माणिकला जग असं दिसतं. मग वाटलं, छे, त्या दिवशी त्याच्याजवळ तर किल्लीही नव्हती.

लिव्हरवर माणिक होता. ठाकोरभाईंनी त्याला बोटाने खुणावलं, ओढ. माणिकने लिव्हरवरचा हात काढून घेतला. ठाकोरभाई त्याच्या अंगावर आले, तोंड उघडून, बहुतेक ओरडत होते. माणिकने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता.

भीती वाटली. लपवण्यात अर्थ नाही. पट्टी आम्हीच बनवली होती, भोकं माझ्यासमोर पाडली होती, तरी खिशातली किल्ली चाचपून पाहिली. मनात आलं की माणसाचा कानावर जेवढा भरवसा असतो तेवढा लोखंडावर नसतो. पण मी घाबरून बाहेर आलो तर माणिकचंही काम जाणार होतं. मी ओठ हलवले. आवाज काढला की नाही मला माहीत नाही, काढला असता तरी दोघांनाही ऐकू आला नसता. म्हणालो, ओढ, बाबा.

त्याने ओढला. दोन्ही हातांनी, दात आवळून, अंगाचा सगळा भार टाकून. लिव्हर जागचा हलला नाही. ठाकोरभाईंनी त्याला बाजूला करून स्वतः ओढून पाहिला, लाथ मारून पाहिली. पन्हळ होती तिथेच. घार एक फेरी घेऊन परत आली होती.

बाहेर येऊन कुलूप काढलं. कापूस काढल्यावर पहिला आवाज आला तो सुलभाच्या रडण्याचा, फाटकापाशी. इतका स्पष्ट की मी दचकलो.

ठाकोरभाई माणिकसमोर जाऊन उभे राहिले, बरोबर समोर, आणि सावकाश म्हणाले, "ये ताला कंपनी की बाकी मशीनों पर भी लगेगा. लगाना तू सिखाएगा."

माणिक हो म्हणाला. हळू आवाजात. मी त्याला पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं.

३ मार्च

शिवरात्रीची गर्दी ओसरली, रस्ते मोकळे झाले. आज मशीन निघालं. मागच्या वेळचा खांब आठवून मी फाटक आधीच काढून ठेवलं होतं.

चौघं ट्रेलरच्या मागच्या बाजूला, पेट्या घेऊन. दुर्गा सडकेच्या पलीकडे उभी राहिली होती, जवळ आली नाही. मध्ये ट्रकांची रांग, बैलगाड्या, टेंपो, सगळ्यांचे हॉर्न एकदम. मला प्रत्येक हॉर्न वेगळा सांगता आला असता. एवढ्या गलक्यात ती दोघं बोलत होती. तिचे ओठ हलायचे, मग त्याचे. मध्येच ती हसली, पदर तोंडाला लावला, मग लक्षात आलं तसा लगेच काढला.

मी सुलभाला विचारलं, तुला कळतंय का?

म्हणाली, थोडं थोडं. दुर्गाने शिकवलंय. ती विचारतेय, स्वेटर पेटीत वर ठेवलाय ना. तो म्हणतो, वर आहे. ती म्हणते, तिथे उघड्यावर झोपू नको. तो म्हणतो, बरं.

"आणि आता?"

"आता ते आपल्यासाठी नाही," सुलभा म्हणाली, आणि तिने तोंड वळवलं.

ट्रेलर हलला, पेट्रोल पंपाच्या वळणाशी गेला. एवढ्या लांबून मला तर तो चेहरा कुणाचा तेही ओळखू येत नव्हतं. माझ्या कानात नुसती सडक होती. दुर्गाचे ओठ अजून हलत होते, आणि थांबत होते, आणि उत्तर मिळाल्यासारखे पुन्हा हलत होते.